कम्प्यूटरची पत्रिका

रामाजींच्या तिगावातल्या घरी सकाळच्या भाकरी नुकत्याच उतरल्या होत्या. ओसरीवर मनकर्णाबाई नात सुशीच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या आणि चार वर्षांची सुशी मान वाकडी करून कुरकुरत होती, ‘‘आजी, हळू ओढ वं.’’ चुलीपुढे बसलेली इंदू ते ऐकत होती. नवरा गेल्यापासून घरातले आवाजच कमी झाले होते. सासरे रामाजी जेवायला बसले तरी ताटाकडे बघून जेवायचे. दीर वामन सकाळी बागेत जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. पोरीची ही रोजची कुरकुर तेवढी पहिल्यासारखी राहिली होती, आणि इंदूला त्या आवाजाचा आधार वाटायचा.

दिवाळी सरल्यावर संत्र्याच्या बागेला पाणी द्यायला गेलेला तिचा नवरा गुणवंता परत आला नव्हता. ओल्या हातानं त्यानं मोटारीचा स्टार्टर दाबला आणि तिथंच कोसळला. त्या दिवशी गावातल्या प्राथमिक शाळेच्या चंद्रकलाबाईंनी मोठी धाव घेतली होती. पांढुर्ण्यात नवीनच उघडलेल्या एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी इंदूच्या भिलाईच्या भावाला फोन लावला. तार केली असती तर पोहोचायला दोन दिवस गेले असते. फोन तिथल्या तिथं लागला, भाऊ रातोरात निघाला, आणि माती देण्याआधी सकाळी बहिणीजवळ येऊन उभा राहिला. त्या लाल आकड्यांच्या यंत्राचे उपकार इंदू कधी विसरली नाही.

आणि सासूचेही. तेरवीच्या दिवशी बायका पांढरं लुगडं घेऊन आल्या तेव्हा मनकर्णाबाईंनी ते हातानं मागं सारलं होतं. ‘‘माही पोरगीच हाये ते,’’ त्या म्हणाल्या होत्या. ‘‘लेकरू भेते पांढऱ्याले. राहू द्या तिचं जांभळं लुगडं.’’ गावानं नाकं मुरडली, पण मनकर्णाबाई बधल्या नाहीत. सासू-सून एका खोलीत निजायच्या, मध्ये सुशी. एकीला रडू आलं की दुसरी उठून पाणी द्यायची.

माघातल्या त्याच सकाळी पांढुर्ण्याहून मनकर्णाबाईंचे भाऊ देवीदास आले. बसस्टँडजवळ त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बाजारात काही नवीन आलं की ते आधी त्यांना ठाऊक असायचं. काखेत त्यांनी कागदाची गुंडाळी धरली होती. ओसरीवर बसून त्यांनी ती उलगडली तेव्हा कागद पायरीपर्यंत लोंबला. दोन्ही काठांना बारीक भोकं होती, अक्षरं ठिपक्याठिपक्यांची.

‘‘हे काय आणलं?’’ रामाजींनी विचारलं.

‘‘पत्रिका. इंदूची.’’ देवीदासमामांनी आवाज खाली आणला, पण चुलीपर्यंत पोहोचेल एवढा ठेवला. ‘‘बसस्टँडच्या मागं कम्प्यूटरवाला आला ना, नागपूरहून. तारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा, दोन मिनिटांत सारं काढून देते. वामनची पत्रिका काढाले गेलो होतो, म्हटलं हिचीही पाहून घेऊ. लग्नाच्या वेळची टिपणं होती माह्याजवळ.’’

‘‘तिची तर जोशीबुवांनी पाहिली होती,’’ मनकर्णाबाई म्हणाल्या. ‘‘चांगली जुळली म्हणे.’’

‘‘जोशी पोट भरते, बाई. मशीनले काय पोट हाये? ते खोटं काऊन बोलन?’’ मग त्यांनी बोट ठेवून हिंदीत वाचलं, ‘‘‘सप्तम भाव में मंगल, अष्टम में शनि। वैधव्य योग प्रबल।’ वाचून घ्या. आपला गुणवंता करंट लागून मेला असं आपण समजून राहिलो.’’

इंदूच्या हातातली पळी कढईत तशीच राहिली. सुशीचे केस अर्धे विंचरून झाले होते. मनकर्णाबाईंनी फणी खाली ठेवली आणि पोरीला म्हणाल्या, ‘‘जा. मायजवळ जा.’’

एवढंच झालं. पण त्या दिवसापासून घर फिरलं.

गुणवंताच्या मरणाचं एक कारण त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं. मोटारीची जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार पावसाळ्यातच तुटली होती. गुणवंतानं बापाला दोनदा सांगितलं होतं की मिस्त्री बोलवा. रामाजी म्हणाले, संत्रा निघू दे, मग पाहू. शेवटी वामननं चिकटपट्टी गुंडाळून तार जोडली आणि काम भागलं असं सगळ्यांनी धरलं. गुणवंता गेल्यावर रामाजींचा घास याच गोष्टीनं अडत होता आणि वामन याच गोष्टीसाठी घराबाहेर राहत होता. त्या लांब कागदानं दोघांनाही मोकळं केलं. तार नव्हती, तर मंगळ होता. चिकटपट्टी नव्हती, शनी होता. माणसाला स्वतःच्या चुकीपेक्षा दुसऱ्याचा ग्रह पत्करायला फार सोपा जातो. त्या रात्री रामाजी पोटभर जेवले.

मनकर्णाबाई जेवल्या नाहीत. पण सकाळी त्यांनी इंदूची खाट गोठ्याच्या बाजूच्या पडवीत नेऊन ठेवायला सांगितली. ‘‘वामनच्या सोयरिकीचं बोलणं चालू हाये,’’ त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या. ‘‘थोडे दिवस.’’

‘‘आत्याबाई, तुम्हाले खरं वाटते ते?’’ इंदूनं विचारलं.

‘‘माणसाचं असतं तर नसतं वाटलं. मशीनचं हाये.’’

थोड्या दिवसांत इंदूनं देवघराजवळ जायचं नाही असं ठरलं. मग तिनं भरलेलं पाणी वामनच्या ताटाशी ठेवायचं नाही. जांभळं लुगडं कधी धुवायला गेलं आणि त्याच्या जागी पांढरं वाळत दिसू लागलं, ते कोणाला कळलंही नाही. शेजारणी कुंपणापाशी उभ्या राहून बोलायच्या, ‘‘मशीनमधी निघालं म्हणते बाई, साफ निघालं.’’ जोशानं सांगितलं असतं तर दहातल्या चौघींनी शंका घेतली असती. यंत्राविरुद्ध तोंड उघडायची कोणाची छाती होत नव्हती, कारण यंत्र कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

इंदू हे सगळं सोसत होती. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी होती, पण सोसणं तिला शाळेआधीच शिकवलं गेलं होतं. शिवाय तिच्या मनात खोल कुठेतरी एक किडा शिरला होता. खरंच असेल तर? भाकरी थापताना तिला गुणवंताचे हात आठवायचे, आणि मग ते ठिपक्याठिपक्यांचं वाक्य. आपणच खाल्लं का आपल्या माणसाला?

देवीदासमामा दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्याजवळ दुसरी गुंडाळी होती. या वेळी सुशीची. पोरगी मूळ नक्षत्रावरची निघाली होती, बापाला अनिष्ट. मामांनी तेही मोठ्यानं वाचून दाखवलं. मग रामाजींशी बोलणं झालं. लोधीखेड्याचे पुंडलिकराव त्यांच्या पोरीच्या, प्रमिलाच्या सोयरिकीसाठी येत्या आठवड्यात सुपारी फोडायला यायचे होते. त्याआधी माय-लेकीला भिलाईला भावाकडं पोहोचवून द्यावं, घर दोषापासून मोकळं करावं, असं ठरलं. इंदूला कोणी विचारलं नाही.

त्या दुपारी इंदू गोठ्यात शेण भरत होती. सुशी खांबाला धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिनं विचारलं, ‘‘माय, म्या बाबाले खाल्लं काय?’’

इंदूनं टोपलं खाली ठेवलं.

‘‘कोण म्हणलं तुले?’’

‘‘आजी म्हणे. आजीनं मले लाडू नाही देल्ला. म्हणे, तू बापाले खाल्लं.’’ पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती खरंच विचारत होती. चार वर्षांच्या जिवाला आठवत नव्हतं आपण असं कधी केलं, आणि मोठी माणसं म्हणतात म्हणजे केलंच असेल अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

इंदूनं हात धुतले, पोरीला कडेवर घेतलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. विधवा सून भरदुपारी पुढच्या दारानं गेलेली गल्लीनं पाहिली. ती थांबली थेट गावाच्या टोकाला, चंद्रकलाबाईंच्या घरी.

चंद्रकलाबाई बौद्ध होत्या. त्यांच्या वस्तीत कुणब्यांच्या सुना जात नसत, गेल्या तरी अंगणातून परतत. इंदू आत जाऊन खाली बसली, समोर आलेलं पाणी प्यायली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

‘‘मले एक सांगा, बाई,’’ ती शेवटी म्हणाली, ‘‘तुमच्यात पत्रिका पाह्यतात काय?’’

‘‘नाही पाह्यत. बाबासाहेबांनी सोडाले लावलं ते सारं. माहं लग्न पंचशील घेऊन, दोन हार घालून झालं.’’

‘‘मंग तुमचे नवरे मरत नाहीत?’’

‘‘मरतात ना. बिमारीनं मरतात, करंट लागून मरतात, जशे तुमचे मरतात.’’ चंद्रकलाबाई तिच्याजवळ सरकल्या. ‘‘फक्त आम्ही बाईले विचारत नाही की तू काऊन मारलं.’’

इंदूनं सुशीचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, ‘‘पण मशीन कसं खोटं बोलन? फोन तर खोटा नव्हता. तुम्ही अथून बोलल्या अन् माहा भाऊ आला.’’

‘‘म्या फोनमधी खरं सांगितलं म्हणून तथी खरं गेलं. म्या खोटं सांगितलं असतं तर फोननं मले थांबवलं असतं काय? तेही मशीनच हाये, इंदू. जे भरलं ते निघते. आमच्या बोर्डाचे निकाल आता कम्प्यूटरवर लागतात, ते चांगलं काम हाये. पण त्यात मास्तरनं मार्क चुकीचे भरले तर पोरगं नापासच निघते. या माणसानं जुनं पंचांगच तर भरलं असन त्यात. जोशी हळूहळू वाचत होता, हे भरभर वाचते.’’

इंदूनं सुशीकडं पाहिलं. पोरगी मांडीवर निजली होती, तेलाचा हात न लागल्यानं केस भुरभुरीत झाले होते.

‘‘उद्या शाळेले सुटी हाये?’’ इंदूनं विचारलं.

‘‘हाये.’’

‘‘मंग माह्यासंग चला पांढुर्ण्याले. मले एक पत्रिका काढाची हाये.’’

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं दोघी गेल्या. सुशी चंद्रकलाबाईंच्या सासूपाशी राहिली. बसस्टँडमागं एका लहान दुकानात तो कम्प्यूटर होता. वर प्लास्टिकचं झाकण, त्यावर हार, पुढे उदबत्ती. बाहेर बाकावर माणसं बसली होती, कोणी पोरीची टिपणं घेऊन, कोणी पोराची. मशीनवाला पँट-शर्टमधला, गोड बोलणारा माणूस होता. आत येताना तो चप्पल बाहेर काढायला लावायचा.

चंद्रकलाबाईंनी त्याला शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख सांगितली. वेळ इंदूनं सांगितली. ती तिला पाठ होती. मनकर्णाबाईंनी तिला ती गोष्ट शंभरदा सांगितली होती, पोळ्याच्या दिवशी बैल दारात पूजेला उभे आणि आत गुणवंता जन्माला आला.

‘‘जन्मस्थान?’’

‘‘तिगाव.’’

‘‘नाम?’’

‘‘गुणवंता रामाजी.’’ नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा परक्यासमोर घेतलं.

बोटं चालली. काचेवर हिरवी अक्षरं उमटली, मग छापणारं यंत्र करकर करत इकडून तिकडे धावू लागलं आणि कागद खाली उतरू लागला. मशीनवाल्यानं तो फाडून हातात घेतला आणि खुशीत वाचू लागला. ‘‘बहुत बढ़िया कुंडली है, बहनजी। ‘जातक दीर्घायु। छिहत्तर वर्ष की आयु। चालीसवें वर्ष में भूमि और वाहन का योग। पत्नी सुलक्षणा, भाग्य बढ़ानेवाली। दांपत्य जीवन सुखी।’ आपके भाई हैं?’’

इंदूनं कागद घेतला. तिला वाटलं होतं आपण हसू, किंवा त्या माणसाच्या तोंडावर ओरडू. तसं काहीच झालं नाही. अक्षरांतून एक म्हातारा गुणवंता तिच्यासमोर उभा राहिला, पांढऱ्या मिशांचा, बागेच्या बांधावर सुशीच्या लेकरांना संत्री सोलून देणारा. क्षणभर तिला तो कागद खरा व्हावासा वाटला, सगळ्या जिवानं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की लोक या दुकानात का येतात, आणि हा माणूस काय विकतो.

‘‘चला,’’ ती चंद्रकलाबाईंना म्हणाली. बाहेर येऊन तिनं चप्पल घातली आणि कागदाची गुंडाळी करून पदराखाली घेतली. मनातला तो किडा मेला होता. ज्या यंत्रानं तिला नवरा खाणारी ठरवलं होतं, त्याच यंत्रानं तिच्या नवऱ्याला जिवंत ठरवलं होतं, आणि वर तिला सुलक्षणा म्हटलं होतं.

पुंडलिकराव सुपारी फोडायला आले तो दिवस रामाजींनी मोठा केला. ओसरीवर सतरंज्या अंथरल्या, चिवडा-लाडूची ताटं मांडली. पुंडलिकराव साधे, जाडसर मिशांचे बागाईतदार होते, बरोबर त्यांचा भाऊ आणि दोन सोयरे. इंदूला सांगून ठेवलं होतं की पाहुणे जाईपर्यंत गोठ्याच्या बाहेर यायचं नाही. तिचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वामन माय-लेकीला भिलाईच्या गाडीत बसवणार होता.

चहा झाला. देवीदासमामांनी गुंडाळी उलगडली. ‘‘जुनं-पुराणं काही नाही, पुंडलिकराव. कम्प्यूटरचं काम हाये. वामन अन् तुमची प्रमिला, अशी जोडी लाखात एक निघते म्हणे मशीन.’’

पुंडलिकरावांनी कौतुकानं कागदाला हात लावला. तेवढ्यात पडवीचं दार उघडलं आणि इंदू ओसरीवर आली. अंगावर जांभळं लुगडं होतं, कडेवर पोरगी आणि हातात तसलाच लांब कागद.

‘‘आत जा,’’ रामाजी दबक्या आवाजात म्हणाले.

‘‘जातो, बाबा. एवढं वाचून होऊ द्या.’’ तिनं पाहुण्यांना नमस्कार केला. ‘‘मी या घरची मोठी सून. तुम्हाले कोणी सांगितलं नसन, म्हणून सांगतो. माही खाट गोठ्यात हाये. काऊन की देवीदासमामांनी आणलेल्या अशाच कागदात निघालं की म्या माह्या नवऱ्याले खाल्लं. माह्या या लेकरानंही खाल्लं. म्हणून म्या त्याच मशीनवर माह्या नवऱ्याची पत्रिका काढून आणली.’’

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज शाळेत धडा वाचावा तसा सरळ होता. ‘जातक दीर्घायु। छिहत्तर वर्ष की आयु।’ देवीदासमामा अर्धवट उठले. ‘‘काही तरी वेळ चुकली असन—’’

‘‘वेळ आत्याबाईनं सांगितलेली हाये. त्यांनी जन्म देल्ला. त्या चुकतीन?’’ इंदूनं पुढं वाचलं. ‘पत्नी सुलक्षणा।’ मग तिनं कागद खाली घेतला. ‘‘मामा, तुम्ही म्हणले होते मशीनले पोट नाही. नाहीच. पण मशीनवाल्याले हाये. त्याले समोर बसलेला माणूस खूश करा लागते. तुम्ही विधवेची पत्रिका म्हणून गेले, त्यानं वैधव्य शोधून देल्लं. आम्ही सवाशीण-विधवा काही न सांगता गेलो, त्यानं मेलेला माणूस जिता करून देल्ला.’’

इंदू वामनकडं वळली. तिचा आवाज आता खाली आला.

‘‘भाऊजी, मले तुमच्याशी भांडाचं नाही. पण माह्या पोरीनं मले विचारलं, म्या बाबाले खाल्लं काय. तिले काय सांगू, हे तुम्ही सांगा. मोटारीची तार तुटली होती, ते कोणत्या ग्रहानं तोडली?’’

रामाजींनी मान खाली घातली. पुंडलिकरावांनी वामनकडं बघून विचारलं, ‘‘तार कोणी जोडली होती?’’

वामनचा चेहरा राखेसारखा झाला होता. इतके महिने जे तो बागेत घेऊन हिंडत होता ते शेवटी बाहेर आलं. ‘‘म्या,’’ तो म्हणाला. ‘‘चिकटपट्टी लावून. भाऊ म्हणे, मिस्त्री बोलव. म्या म्हटलं, चालते.’’ आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

‘‘चूक होते,’’ इंदू म्हणाली. ‘‘तुम्ही जाणून नाही केलं. पण त्या चुकीचं पाप तुम्ही या लेकराच्या डोक्यावर देऊन राहिले, ते जाणून देऊन राहिले. मी भिलाईले जात नाही. माह्या नवऱ्याची बाग अथी हाये, माही पोरगी अथीच शाळेत जाईन. अन् पुंडलिकराव, तुमची प्रमिला या घरात सुखानं येऊ द्या. पण तो कागद घेऊन तिले आणू नका. उद्या भाऊजीले ठेच लागली तर तिची खाट माह्या खाटेजवळ येईन.’’

ती आत जायला वळली तेव्हा माजघराच्या दारातून आवाज आला.

‘‘पुन्हा वाच.’’

मनकर्णाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून सरकला होता.

‘‘आत्याबाई?’’

‘‘ते, छिहत्तर वर्षाचं. पुन्हा वाच.’’

इंदूनं वाचलं. मनकर्णाबाई ओठ हलवत ऐकत राहिल्या. चाळिसाव्या वर्षी वाहन. सुखी संसार. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोराला माती दिली त्या दिवशी फोडला नव्हता तसा टाहो फोडला. इंदू पोरीला घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. पाहुण्यांसमोर उंबऱ्यावर दोघी रडल्या, आणि सुशी आजीचं तोंड झाकलेले हात सोडवायला बघत होती.

सुपारी त्या दिवशी फुटली नाही. पुंडलिकराव उठले, देवीदासमामांच्या हातातली गुंडाळी त्यांनी तशीच सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, ‘‘पोरीले विचारतो. साऱ्या गोष्टी सांगून विचारतो.’’ पाहुणे गेल्यावर इंदूनं कोणाची परवानगी न घेता आपली खाट उचलली. एका बाजूनं ती जड पडत होती. दुसरी बाजू वामननं धरली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी इंदू आणि चंद्रकलाबाई पुन्हा पांढुर्ण्याला गेल्या. या वेळी दोघीच नव्हत्या. गावात दोघींनी घरोघर फिरून एकच गोष्ट सांगितली होती की आपल्या गेलेल्या माणसाची जन्मवेळ घेऊन या. बऱ्याच बायकांनी कानांवर हात ठेवले. ज्या आल्या त्यांच्यात केसरबाई होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि जावयाकडच्यांनी हल्लीच यंत्राचा कागद काढून म्हटलं होतं की पोरगीच अल्पायुषी होती, दवाखान्यात नेऊन काय होणार होतं. गर्दी बघून इतर गावांच्या बायाही थांबल्या.

मशीनवाल्यानं आनंदानं केसरबाईच्या लेकीची पत्रिका काढली. पोरगी चार लेकरांची आई होणार होती. केसरबाईनं ती बाहेर उभं राहून दुसऱ्या बाईकडून वाचून घेतली आणि ऐकून बाकावर बसलेल्या माणसांना सांगितलं, ‘‘माही लेक गेली, तिले आता तीन वर्षं होतात.’’ बाकावरचा एक माणूस टिपणं खिशात घालून उठला. दुसरीची पत्रिका निघाली, तिसरीची निघाली. प्रत्येक मेलेल्याला यंत्र भरभरून आयुष्य देत होतं. तेव्हा कुठं मशीनवाल्याच्या ध्यानात आलं. त्यानं की-बोर्डवरून हात उचलले आणि हात जोडले. ‘‘बहनजी, इसमें मशीन का क्या दोष है?’’

‘‘मशीनचा काहीच दोष नाही,’’ चंद्रकलाबाई म्हणाल्या. ‘‘तिच्यावरचा हार काढा अन् लेकरांचे निकाल काढा. आम्हीच तुमच्याकडं पोरं शिकाले पाठवू.’’

तेवढ्यात बायांची रांग बाजूला झाली. मनकर्णाबाई पुढे येत होत्या. त्या गाडीत बरोबर बसल्या होत्या, पण दिवसभर कोणाशी बोलल्या नव्हत्या. इंदूलाही वाटलं होतं की त्या नुसत्या सोबत आल्या आहेत. बाहेर चप्पल न काढता त्या आत गेल्या, पदराखालून गुणवंताची पत्रिका काढली आणि त्या यंत्रापुढे पसरली.

‘‘हे तुहंच हाये ना?’’

त्यानं पाहिलं. ‘‘हाँ, माताजी।’’

‘‘माहा पोरगा जिता हाये म्हणते तुहं मशीन. म्या त्याले माती देल्ली. त्याच्या लेकराले म्या लाडू नाही देल्ला, तुह्या कागदावरून.’’ त्यांनी त्या कागदावर बोट टेकवलं. ‘‘आता मले त्याचा पत्ता दे. तो कोठी हाये, ते काढून दे मशीनमधून. मी घेऊन येतो त्याले.’’

मनकर्णाबाई तिथंच उभ्या राहिल्या, आणि त्या उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हत्या.

महिन्याभरात ते दुकान पांढुर्ण्यातून उठलं. कुठल्या तरी दुसऱ्या गावी ते लागलं असेल, तिथंही हार असेल, उदबत्ती असेल. वैशाखात प्रमिला तिगावला सून होऊन आली, पत्रिका न पाहता, तिनं स्वतः तसं कळवलं म्हणून. वामननं मोटारीला नवी तार घातली आहे. सुशी शाळेत जाते. पण कधी कधी खेळता खेळता ती थांबते आणि आईला विचारते, ‘‘म्या नाही ना खाल्लं?’’ आणि इंदू हातातलं काम टाकून प्रत्येक वेळी तिला सांगते, ‘‘नाही वं. तू नाही. कोणीच नाही.’’ ते एक वाक्य पोरीच्या मनातून पुसायला किती वर्षं लागतील, हे सांगणारं यंत्र अजून कोणी आणलेलं नाही.